पेजचा यूआरएल जावास्क्रिप्टने घेताय? या चुका टाळा

सगळ्यात कॉमन घोळ म्हणजे विंडो.लोकेशनला (ब्राउझर चालू पेजचा पत्ता यात देतो) स्ट्रिंग, म्हणजे साधा मजकूर, समजणं. अलर्टमध्ये टाकलं की अख्खा यूआरएल दिसतो, त्यामुळे वाटतं झालं काम, पण तो ऑब्जेक्ट आहे, त्याच्यावर इन्क्लूड्स (स्ट्रिंगमध्ये एखादा शब्द आहे का बघणारं फंक्शन) चालवलं की 'नॉट अ फंक्शन' म्हणून एरर येतो. तो परवडला, कारण निदान दिसतो तरी. शब्द बदलायला रिप्लेस वापरलंत तर एररही येत नाही, लोकेशनचं स्वतःचं रिप्लेस वेगळं आहे, ते तुमचा शोधायचा शब्दच नवा पत्ता समजून पेज तिकडे घेऊन जातं! स्ट्रिंग हवी असेल तर लोकेशन.एचरेफ घ्या.

आणि एचरेफ घेऊन स्प्लिट करत बसू नका प्लीज, तुकडे आधीच करून ठेवलेत. पाथ हवा तर पाथनेम, पोर्टसकट नाव हवं तर होस्ट, पोर्टशिवाय होस्टनेम. प्रोटोकॉलच्या (एचटीटीपीएस वगैरे) शेवटी कोलन असतो, सर्चच्या म्हणजे क्वेरीच्या सुरुवातीला प्रश्नचिन्ह, हे विसरलात तर तुलना करताना इफ कायम फॉल्स येतो आणि माणूस डोकं धरून बसतो.

क्वेरीतली व्हॅल्यू यूआरएलसर्चपॅरम्सने काढा. पॅरामीटर नसेल तर त्याचं गेट फंक्शन नल (म्हणजे 'काहीच नाही') देतं, रिकामी स्ट्रिंग नाही. प्लसचं चिन्ह स्पेस होऊन येतं, फोन नंबर पाठवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. पाथमध्ये मराठी असेल तर प्रत्येक अक्षर, अगदी काना-मात्रासुद्धा, यूटीएफ-8 मध्ये 3 बाइट म्हणजे टक्क्याच्या चिन्हांसकट 9 कॅरेक्टर होतं, आधी डीकोडयूआरआयकंपोनंट करा मगच जुळवा.

यूआरएल बदलला पण कोड ढिम्म? सिंगल पेज ॲप (एकाच पेजमध्ये सगळं दाखवणारी साइट) असेल तर पुशस्टेट फंक्शनने पत्ता बदलतो, पेज रीलोड होत नाही आणि पॉपस्टेट इव्हेंटही येत नाही, तो बॅक-फॉरवर्डला येतो. म्हणून सुरुवातीला व्हेरिएबलमध्ये ठेवलेला पत्ता शिळा होतो, लागेल तेव्हा परत वाचा.

आयफ्रेममधून (पेजच्या आत बसवलेल्या दुसऱ्या पेजमधून) वाचलात तर फ्रेमचाच पत्ता मिळणार, बाहेरचं पेज दुसऱ्या ओरिजिनचं (प्रोटोकॉल, होस्टनेम किंवा पोर्ट वेगळं) असेल तर त्याचा पत्ता ब्राउझर वाचूच देत नाही, सिक्युरिटी एरर. क्रोम एक्स्टेन्शनच्या पॉपअपमध्येही तसंच, तिथे लोकेशन म्हणजे पॉपअपचा स्वतःचा पत्ता, चालू टॅबचा हवा तर टॅब्स.क्वेरी वापरा आणि मॅनिफेस्टमध्ये (एक्स्टेन्शनच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) ॲक्टिव्हटॅब परमिशन टाका, नाहीतर यूआरएल अनडिफाइंड येतो.