देवळातली मूर्ती कशी वाचायची, सुरुवात त्रिशुंड गणपतीपासून

पुण्यात राहून मूर्ती वाचायला शिकायचं असेल तर सरळ सोमवार पेठेत त्रिशुंड गणपतीला जा, कमला नेहरू हॉस्पिटलच्या जवळच आहे, देऊळ लहान आहे, सहसा गर्दी नसते आणि दर्शनी भिंत कोरीवकामाने नुसती गच्च भरलीये. जायचं सकाळी लवकर नाहीतर ऊन कलल्यावर, कारण प्रकाश तिरका पडला की दगडातला उठाव नीट दिसतो. आणि मोबाईलचा टॉर्च समोरून मारू नका, बाजूने भिंतीला लागून धरा, झिजलेली आकृतीसुद्धा एकदम वर येते.

आता पहिली गोष्ट, देव कुठला हे कोणाला विचारू नका. आधी हात किती ते मोजा, मग हातात काय काय आहे ते बघा, मग वाहन, मग मुकुट की जटा, मग आजूबाजूला कोण उभंय. चेहरा सगळ्यात शेवटी, कारण जुन्या शिल्पांत चेहरे बरेचसे सारखेच असतात, ओळख पटते ती आयुधांवरून. त्रिशूळ, डमरू, नाग दिसला की शिव, पाश-अंकुश-मोदक म्हणजे गणपती, दोन्ही हातात फुललेली कमळं असतील तर सूर्य, पायाखाली रेडा असेल तर महिषासुरमर्दिनी, एवढं पाठ झालं की निम्मं काम झालं.

विष्णूकडे मात्र जरा जास्त वेळ थांबा. शंख, चक्र, गदा, पद्म ही चारच आयुधं, पण ती चार हातांत वेगवेगळ्या क्रमाने दिली की चोवीस रूपं होतात, आणि ती चोवीस नावं म्हणजे संध्येत आपण जी म्हणतो तीच, केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः. वाचायचं कसं, तर मूर्तीच्या खालच्या उजव्या हातापासून सुरू करायचं, मग वरचा उजवा, मग वरचा डावा, मग खालचा डावा. मूर्तीचा उजवा म्हणजे आपल्या डाव्या बाजूचा हे लक्षात ठेवा, इथे नवीन माणूस हमखास गोंधळतो. पहिली अक्षरं घेऊन पशंचग आलं तर केशव, शंपगच आलं तर नारायण, गचशंप आलं तर माधव. काही रूपांच्या बाबतीत ग्रंथाग्रंथांत फरक आहेत, त्यामुळे चोवीसच्या चोवीस पाठ करत बसू नका, ही तीन घ्या आणि विष्णूची मूर्ती दिसेल तिथे लावून बघा.

आता त्रिशुंडाच्या गाभाऱ्यासमोर या. तीन सोंडा, सहा हात आणि बसलाय मोरावर. मोर बघून कार्तिकेय म्हणायचा मोह होतो, म्हणूनच नुसत्या वाहनावर कधी निर्णय द्यायचा नाही. गणेशपुराणात प्रत्येक युगातला गणपती वेगळा सांगितलाय आणि त्रेतायुगातला जो मयूरेश्वर आहे तो सहा हातांचा आणि मोरावर बसणारा, आपल्या मोरगावचा गणपती त्याच नावाने ओळखला जातो. म्हणजे सोंड, हात आणि वाहन तिन्ही एकत्र वाचलं की मूर्ती स्वतःच सांगते मी कोण ते. मला या देवळात हे सगळ्यात आवडतं.

मग बाहेर येऊन दर्शनी भिंत बघा आणि घाई अजिबात करू नका. तिथे हातात बंदुका असलेले शिपाई एका गेंड्याला साखळदंडाने जखडतायत. पुण्यातल्या देवळावर गेंडा कशाला आणि युरोपियन पेहरावातले शिपाई कशाला, हा प्रश्न पडायलाच हवा. इथे उपयोगी पडतं साल. या देवळाचं काम भीमगिरजी गोसावींनी 1754 मध्ये सुरू केलं आणि प्रतिष्ठापना झाली 1770 मध्ये, आणि मधेच 1757 ला प्लासीची लढाई झाली, बंगाल इंग्रजांच्या हातात गेला. गेंडा हा तिकडचा, पूर्वेकडचा प्राणी, त्यामुळे अभ्यासक याचा अर्थ इंग्रजांनी बंगाल जखडला असा लावतात आणि मला तो पटतो. प्लासी कुठे आणि सोमवार पेठ कुठे, पण ती बातमी इथल्या दगडात उतरली, तीही देवळाच्या तोंडावर. म्हणून सांगतो की प्रतीक वाचताना पुराण जेवढं लागतं तेवढाच इतिहासही लागतो, देवळात शिलालेख असेल तर तो आधी शोधा. इथे गाभाऱ्यात तीन आहेत, दोन संस्कृत आणि एक फारसी.

एक चक्कर देवळाच्या मागेही मारा, बहुतेक लोक समोरूनच परत जातात. मागच्या भिंतीवर लिंगोद्भव आहे, ब्रह्मदेव हंस होऊन वर गेला, विष्णू वराह होऊन खाली गेला आणि दोघांनाही त्या लिंगाचा शेवट सापडला नाही ती गोष्ट. महाराष्ट्रात हे शिल्प फार कमी ठिकाणी बघायला मिळतं. आत गणपती आणि बाहेर शिवाच्या कथा, यावरून देऊळ आधी शिवाचं म्हणून योजलं असावं असं म्हणतात, आणि भिंती बघितल्या की ते खरं वाटतं.

शेंदूर लावलेल्या गणपतीसमोर किंवा मारुतीसमोर मात्र ही पद्धत चालवू नका. तिथे आकार शेंदराच्या थरांखाली गेलेला असतो, आयुधं शोधण्यात अर्थ नाही. तिथे शेंदूर हीच खूण, पिढ्यानपिढ्या पूजा चालू असल्याची.

बाहेर जायला जमत नसेल तर घरच्या देवघरातले टाक काढून बघा, आजीला किंवा आईला विचारूनच काढा म्हणजे झालं. चांदीच्या त्या छोट्या पत्र्यावर घोडा, हातात तलवार, सोबत म्हाळसा आणि खाली कुत्रा असेल तर तो खंडोबा. बोटभर जागेत कारागिराने एवढं बसवलेलं असतं. कुत्रा बरेचदा पुसट झालेला असतो, घोड्याच्या पायांमध्ये नीट बघा.

पुण्याबाहेर गेलात की गावच्या मारुतीच्या किंवा महादेवाच्या देवळाजवळ वीरगळ शोधा, म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीचा दगड, उभा आणि त्यावर चौकटी. हा खालून वर वाचायचा. खाली लढाई आणि पडलेला वीर, कधी गाई दिसतात म्हणजे गोधन वाचवताना मेला, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतायत, त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि टोकाला चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहणार. शेजारच्या दगडावर कोपरात वाकलेला बांगड्या भरलेला हात असेल तर ती सतीशिळा, सती गेलेल्या बाईच्या आठवणीची. फोटो काढताना खडू, पीठ, रंग काही चोळू नका, दगड खराब होतो, टॉर्च बाजूने धरला की पुरतं. आणि वीरगळ आडवा पडला असेल किंवा कोणी कपडे धुवायला वापरत असेल तर गावातल्या जाणत्या माणसाला त्यावर काय कोरलंय ते चौकट चौकट करून दाखवा आणि दगड देवळाच्या भिंतीशी उभा करून ठेवायची विनंती करा.