गेम स्कोअरची साइट वाढवायची आणि रीडिझाइन करायची असेल तर

पहिल्याच दिवशी साइट बनवायला बसू नका. आमचं पहिलं वर्ष एका गूगल शीटवर गेलं, परळ-लालबागची दहाबारा पोरं, सगळी व्हिडिओ गेम पार्लरमध्ये खेळून मोठी झालेली, रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर आपल्या स्कोअरच्या स्क्रीनचा फोटो टाकायची आणि मी तो स्कोअर शीटमध्ये भरायचो. रोजचा अर्धा तास त्यातच जायला लागला तेव्हा साइट केली.

साइट करताना डोकं लावा ते डेटाबेसला, रंगांचं नंतर बघता येतं. स्कोअर आकडा म्हणूनच साठवा. आम्ही टेक्स्ट म्हणून ठेवला होता, तर ९८०० वाला १२४०० वाल्याच्या वर दिसायला लागला, कारण टेक्स्ट लावताना कॉम्प्युटर पहिलं अक्षर बघतो, ९ आणि १, बस. आणि जागा मोठी ठेवा, साधा ३२ बिटचा आकडा २,१४,७४,८३,६४७ वर संपतो आणि काही पिनबॉल मशीनवर लोक त्याच्या पुढे जातात. तारखेचा कॉलम पहिल्यापासून हवाच. पॅक-मॅनचा परफेक्ट स्कोअर ३३,३३,३६० आहे, २५६ व्या लेव्हलला अर्धी स्क्रीन बिघडते आणि गेम तिथेच अडतो, म्हणजे दोघांनी तो केला तर पहिला कोण हे तारखेवरूनच ठरणार ना.

एका गेमचा एकच तक्ता ठेवू नका, भांडणं होतात. खरं मशीन वेगळं, एम्युलेटर, म्हणजे जुना गेम कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर, वेगळा, आणि आपल्याकडे टीव्हीला लावायचे ते कॅसेटवाले गेम तर एकदम वेगळे, ते पाल टीव्हीसाठी, म्हणजे आपल्याकडच्या टीव्ही सिग्नलच्या पद्धतीसाठी, सेकंदाला ५० फ्रेमवर चालायचे, अमेरिका-जपानमध्ये ६०, म्हणजे तोच गेम आपल्याकडे हळू आणि थोडा सोपा. हे मला एका पोराने समजावलं तेव्हा आम्ही अख्खा तक्ता परत लावला, दोन रविवार गेले पण कोणाचाही स्कोअर उडवला नाही, फक्त योग्य जागी नेला.

पुराव्याबद्दल कडक राहा. ट्विन गॅलेक्सीजने अमेरिकेत १९८२ पासून स्कोअर नोंदवले, या कामातलं फार जुनं नाव, तरी त्यांनाही २०१८ मध्ये काही गाजलेले जुने रेकॉर्ड काढावे लागले. टॉप १० साठी सुरुवातीपासून शेवटपर्यंत न कापलेला व्हिडिओ मागा, बाकीच्यांना फोटो चालेल.

आता रीडिझाइन. बॅकअप घ्या आणि तो दुसरीकडे चालू करून बघा, नुसता घेऊन उपयोग नाही. दुसऱ्या रीडिझाइनला मी होस्टिंग बदललं, त्यात फोटोंच्या फाइलची नावं बदलली, तक्ता दिसत होता पण पुरावे सगळे गायब. रात्री साडेअकराला भांडुपच्या एका पोराचा मेसेज, "दादा, माझा गॅलागाचा फोटो कुठाय, माझ्याकडे दुसरी कॉपी नाहीये." जुन्या डिस्कवर मिळाला म्हणून वाचलो, त्या तीन तासांत पोटात गोळा आला होता. तेव्हापासून जुन्या प्रत्येक लिंकला ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे जुनी लिंक उघडली की आपोआप नव्या पानावर नेणारी सोय, लावल्याशिवाय मी काहीच लाइव्ह करत नाही, कारण लोकांनी आपल्या स्कोअरची लिंक मित्रांना पाठवलेली असते आणि ती चार वर्षांनी पण उघडली पाहिजे.

नवं डिझाइन आधी एकाच गेमच्या पानावर लावा, महिनाभर जुनं पण चालू ठेवा. माणूस साइटवर येतो तो आधी स्वतःचं नाव शोधायला, म्हणून लॉगिन केलेल्याची ओळ तक्त्यात कुठेही असली तरी वर चिकटवून दाखवा. हे एवढं केल्यावर आमच्याकडे स्कोअर टाकणारे वाढले, मोठे बॅनर लावून वाढले नव्हते.

मग संध्याकाळच्या गर्दीत लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून साइट उघडा. कुर्ला-घाटकोपरच्या मध्ये नेटवर्क गेलं तरी तक्ता दिसतो का, पाच कॉलम अंगठ्याने वाचता येतात का, फोटो अपलोड अर्ध्यात तुटला तर पुढे चालू होतो का. आम्ही पाचाचे तीन कॉलम केले, नाव, स्कोअर, तारीख, बाकी सगळं ओळीवर टॅप केल्यावर उघडतं, आणि 'स्कोअर टाका' बटण खाली अंगठ्याजवळ आणलं.