कोंबडी अंडी देईना? खाद्यातल्या या चुका टाळा

वेसावे, वरळी, गोराई, मनोरी, आरेतले पाडे: मुंबईत आजही पडवीत किंवा गच्चीवर चार-सहा कोंबड्या पाळणारी घरं आहेत. अंडी कमी झाली की प्रश्न ठरलेला असतो, "तिला आता काय देऊ?" मग टॉनिक येतं, लसूण येतो, कुणीतरी सांगितलेला चुना येतो. माझं मत असं, की बहुतेक घरांत काही नवीन देण्याआधी काहीतरी बंद करावं लागतं.

कारण कोंबडीचं पोट ठरावीकच आहे. अंड्यावर आलेली कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाते. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं जातात आणि कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम. हे सगळं त्या ओंजळभर खाण्यातूनच निघायला हवं.

उरलेला भात आणि शिळा पाव

ही सर्वांत मोठी चूक, आणि ती प्रेमापोटीच होते. लेअर खाद्यात, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी बनवलेल्या तयार खाद्यात, साधारण १६ ते १८ टक्के प्रथिनं आणि साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं. म्हणजे ११० ग्रॅम खाल्लं की १८ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि जवळपास ४ ग्रॅम कॅल्शियम मिळतं. याउलट शिजलेल्या १०० ग्रॅम भातात प्रथिनं ३ ग्रॅमपेक्षाही कमी, कॅल्शियम नावापुरतं, बाकी बहुतेक पाणी. सकाळी भातानं पोट भरलेली कोंबडी दुपारी लेअरला चोच लावत नाही. ती उपाशी दिसत नाही, उलट गुबगुबीत दिसते. पण अंडं तयार करायला लागणारा माल तिच्या अंगात येत नाही, म्हणून आधी अंडी लहान होतात, मग एक दिवसाआड होतात, मग थांबतात.

घरातलं उरलंसुरलं द्यायचंच असेल, तर दर कोंबडीमागे मोठा चमचाभर, तेही संध्याकाळी, खाद्य खाऊन झाल्यावर. कणी आणि मक्याचंही तसंच. हे धान्य ताकद देतं, पण एकट्या धान्यावर अंडी टिकत नाहीत. खारट फरसाण, बुरशी धरलेला पाव आणि कच्चा राजमा मात्र अजिबात नको.

कोळीवाड्यात सुकट, जवळा, कोलंबीची टरफलं दिली जातात. प्रथिनांसाठी ती चांगलीच, पण मीठ जास्त गेलं की कोंबडी भसाभसा पाणी पिते आणि विष्ठा पातळ होते. धुऊन, वाळवून, चिमूटभरच द्या. मासळी जास्त झाली तर काही कोंबड्यांच्या अंड्यांनाही वास येतो.

दुकानदाराने दिलं म्हणून ब्रॉयलरचं खाद्य

मुंबईत ब्रॉयलरचं खाद्य सहज मिळतं, लेअरचं शोधावं लागतं. "दोन्ही एकच" असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ब्रॉयलरचं खाद्य पाच-सहा आठवड्यांत मांस चढवण्यासाठी बनवलेलं असतं. त्यात प्रथिनं भरपूर, पण कॅल्शियम एक टक्क्याच्या आसपास. काही आठवडे हेच चाललं तर कोंबडी स्वतःच्या हाडांतलं कॅल्शियम काढून कवच बनवते. मग मऊ, कातडीसारखी अंडी दिसू लागतात आणि पायात बळ राहत नाही. पोटात चरबी साठते ती वेगळीच.

उलटी चूकही होते. तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आणल्या की दुसऱ्या दिवसापासून लेअर सुरू. वाढत्या वयात इतकं कॅल्शियम मूत्रपिंडांना झेपत नाही. १६ ते १८ आठवड्यांच्या होईपर्यंत ग्रोअर, म्हणजे वाढत्या कोंबड्यांचं खाद्य, द्या, पहिलं अंडं जवळ आलं की आठवडाभर थोडं थोडं मिसळत लेअरवर या. खाद्य एका दिवसात बदललं की कोंबड्या खाणंच सोडतात, आणि त्याचा फटका थेट अंड्यांना बसतो.

भांड्यातला भुगा फेकणं

खाद्याच्या भांड्याजवळ दहा मिनिटं बसा. कोंबडी भरड्यातला पिवळा मका टिपून घेते, सोयाबीन पेंडेचे तुकडे टिपते, आणि तळाशी राखाडी भुगा उरतो. तो कचरा समजून फेकला जातो आणि वर नवं खाद्य ओतलं जातं. पण जीवनसत्त्वं, खनिजं आणि चुनखडीचा बराचसा भाग त्या भुग्यातच असतो. दिवसातून एकदा भांडं रिकामं होऊ द्या, मगच भरा. भुगा उरलाच तर थोड्या पाण्यात कालवून द्या. मात्र आपल्या हवेत ओलं खाद्य लवकर आंबतं, म्हणून तासा-दोन तासांत उरलेलं काढून टाका.

कवच पातळ, आणि उपाय मासळी बाजारात

कवच बनायला वीसेक तास लागतात आणि त्यातलं बरंच काम रात्री होतं, कोंबडी झोपलेली असताना. दिवसा खाल्लेली बारीक पूड तोवर पुढे निघून गेलेली असते. शिंपल्याचे जाडसर तुकडे मात्र पेट्यात (कलेजी-पेट्यातला तोच पेटा) रेंगाळतात आणि रात्रभर हळूहळू विरघळतात. तिसऱ्या आणि कालवं या खाण्याच्या शिंपल्यांची रिकामी कवचं कोळणीकडे मागितली तर सहज मिळतात. खारटपणा जाईपर्यंत धुवा, कडक उन्हात वाळवा, कुटून मसुरीच्या डाळीएवढे तुकडे करा आणि वेगळ्या वाटीत ठेवा. खाद्यात मिसळू नका. जिला हवं ती हवं तेवढं खाते. पाण्यात चुना कालवण्याचा उपाय सोडून द्या. पाण्याची चव बिघडली की कोंबडी पाणी कमी पिते, आणि पाणी कमी पडलं की अंडी लगेच घटतात.

एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये दोष खाद्याचा नसूनही कवच पातळ होतं. उकाड्यात कोंबडी चोच उघडी ठेवून धापा टाकते, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवचासाठी लागणारा कच्चा माल घटतो. शिवाय ती खातेही कमी. या दिवसांत खाद्य पहाटे आणि ऊन उतरल्यावर द्या. पाणी सावलीत, थंड आणि भरपूर ठेवा.

पावसाळ्यातली गोणी

जून ते सप्टेंबर ५० किलोची गोणी घेणं म्हणजे बुरशीला घर देणं. मका आणि शेंगदाणा पेंडेवर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. ते यकृत बिघडवतं आणि उन्हात वाळवल्यानं जात नाही. वास कुबट, गुठळ्या झालेल्या, तर खाद्य फेका, पैशांकडे पाहू नका. दोन-तीन आठवड्यांपुरतंच आणा, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, फळीवर, भिंतीपासून दूर ठेवा. रात्री भांडंही आत घ्या. उंदीर येतात, आणि पावसाळ्यात उंदरांबरोबर लेप्टोचा (त्यांच्या मूत्रातून माणसाला होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो; ती काळजी तुमच्या घरातल्या मुलांसाठी.

खाद्य बदललं, आता किती थांबायचं?

कवचातला फरक काही दिवसांत दिसतो. संख्येला वेळ लागतो, कारण बलक वाढायलाच आठवडाभर किंवा थोडं जास्त लागतं. म्हणून दहा-बारा दिवस काही न बदलता थांबा. दर तीन दिवसांनी नवा प्रयोग केला तर कशानं फरक पडला ते कधीच कळणार नाही.

तेवढ्यात एवढं तपासा. पिसं गळत असतील तर ती विश्रांतीवर आहे. दिवसभर खोक्यात फुगून बसत असेल तर खुडूक आहे, म्हणजे अंडी उबवायला बसली आहे. गावठी कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडीच देते आणि मधे मधे खुडूक होतेच, तिला दोष देऊ नका. डिसेंबरात मुंबईचा दिवस जेमतेम ११ तासांचा असतो आणि अंड्यांसाठी १४ तासांच्या आसपास उजेड लागतो, म्हणून हिवाळ्यातली घट नैसर्गिक आहे. पण अंडी एकाएकी बंद झाली, सोबत शिंका, हिरवट विष्ठा किंवा मान वाकडी दिसली, तर खाद्याचा विचार बाजूला ठेवा, आजारी कोंबडी इतरांपासून वेगळी करा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाला गाठा.