फ्रेंच घोडेस्वाराचं जुनं हेल्मेट घ्यायचं असन तं आधी उलटं करून पाहा

राजेहो, सरळ सांगतो, माझं पहिलं "फ्रेंच कॅव्हलरी हेल्मेट" आग विझवणाऱ्यांचं निघालं. अख्खं पितळी, वर कोंबड्यासारखा तुरा, विकणाऱ्यानं नेपोलियनचं नाव घेतलं अन् मी सोयाबीनचे पैसे आले तसे ट्रान्सफर करून मोकळा. समोरच्या बिल्ल्यावर दोन कुऱ्हाडी एकमेकींवर होत्या, दिसल्या होत्या मला, पण म्हटलं असतील लढाईच्या. फ्रान्समध्ये गावोगावी सापर-पोंपिए म्हणजे फायरवाले होते, त्यांची पितळी हेल्मेटं ढिगानं उरली आहेत अन् तीच घोडदळाची म्हणून खपवून राहिले लोक. कुऱ्हाडी दिसल्या किंवा बिल्ल्यावर पोंपिए लिहिलेलं दिसलं की पुढं जा.

आपल्या बजेटमध्ये जे येऊ शकते ते 1874 मॉडेल. क्युरासिए म्हणजे छातीवर लोखंडी चिलखत घालणारे जड घोडेस्वार, अन् ड्रॅगून म्हणजे दुसऱ्या प्रकारचे घोडेस्वार, दोघांचं हेल्मेट जवळपास सारखंच. डोक्याची वाटी पोलादी, वरचा तुरा अन् कपाळावरचा पट्टा पितळी, तुऱ्यातून मागं पाठीवर पडणारी घोड्याच्या केसांची काळी आयाळ, डाव्या बाजूला पीस खोचायची नळी. क्युरासिएच्या तुऱ्यावर पुढच्या टोकाला एक छोटा केसांचा गोंडा असते, आपल्या पोळ्याच्या बैलाच्या बाशिंगावर असते ना तसा, ड्रॅगूनच्याला तो नाही. 1914 ला पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा क्युरासिएच्या 12 रेजिमेंट हेच घालून घोड्यावर निघाल्या, फक्त उन्हात चमकू नये म्हणून वरून कापडी खोळ चढवली. पुढच्या वर्षी साधं लोखंडी आद्रियां हेल्मेट आलं अन् हा थाट लढाईतून गेला, परेडपुरता राहिला. फ्रान्सच्या रिपब्लिकन गार्डचे, म्हणजे सरकारी मानाच्या पलटणीचे, घोडेस्वार आजही याच घाटाचं हेल्मेट घालतात, म्हणून चकचकीत नवंकोरं काही दिसलं तं आधी विचारा की किती सालचं.

आता तपासायचं कसं. पहिले लोहचुंबक. जुन्या स्पीकरमधलं काढलेलं चालते. वाटीला चिकटलं पाहिजे, तुऱ्याला अन् पट्ट्याला नाही. तुरासुद्धा चिकटला तं वरून पितळेचा मुलामा दिलेला पत्रा आहे, नकली. ऑनलाइन घेत असाल तं विकणाऱ्याला चुंबक लावतानाचा व्हिडिओ मागा, खरा माणूस देते, बाकीचे चिडतात.

मग उलटं करा, खरी गोष्ट आतच राहते. आत चामड्याच्या दातेरी पाकळ्या असतात, टोकाला भोकं अन् त्यातून नाडी ओवून मधे गोळा केलेलं. शंभर वर्षं कोणाचं तरी डोकं अन् घाम लागलेलं चामडं काळपट होते, कडेला जास्त, मधे कमी. सगळीकडं एकसारखा तपकिरी रंग म्हणजे चहाच्या पाण्यात बुडवून "जुनं" केलेलं. मुरादाबादकडं पितळेचं काम लय झकास होते, मी नावं ठेवत नाही, शोभेसाठी घ्या, पण अँटिकच्या भावात नका घेऊ. छज्जाच्या कडेला बऱ्याचदा कारखान्याचा ठसा सापडते, फ्रांक किंवा गोदियो असं काही. हा गोदियो सैन्याला बूटही पुरवायचा, एवढे की फ्रेंचमध्ये जड बुटालाच गोदियो म्हणतात.

हनुवटीच्या पट्ट्यावर माशाच्या खवल्यांसारख्या पितळी चकत्या असतात. त्या मोजा, दोन्ही बाजूंना जुळतात का पाहा, मागचं चामडं नवं आहे का पाहा. आयाळीचा एक केस जाळून पाहता येते. घोड्याचा असला तं केस जळल्याचा वास, नायलॉन असलं तं वितळून गोळी होते. आयाळ बदललेली असली म्हणजे हेल्मेट खोटं असं नाही, केसाला कसर लागते, बदलतातच, पण मग भाव कमी करायला लावा ना.

नेपोलियनच्या काळातल्या ड्रॅगून अफसरांच्या हेल्मेटला बिबट्याच्या कातड्याचा पट्टा असायचा. त्या भानगडीत पडू नका. बिबट आपल्याकडं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, अन् ताडोबाच्या शेजारी राहून फॉरेस्टवाल्याला "हे 1810 चं आहे साहेब" हे समजावत बसाल. अन् एक, 100 वर्षांवरची वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकते, म्हणून बाहेरून मागवल्याचं बिल अन् कस्टमचा कागद फाडू नका, लॅमिनेट करा म्हणतो मी तं.

घरी आल्यावर काय? घासू नका! माझ्या मायनं माझ्या मागं ते फायरवालं हेल्मेट चिंच-मीठ लावून समईसारखं उजळलं, बिचारीनं प्रेमानंच केलं, पण चिंचेचं पाणी पितळ अन् चामड्याच्या फटीत गेलं अन् पावसाळ्यात तिथून हिरवं फुटलं. शंभर वर्षांचा रंग एका दुपारी गेला. पितळ कोरड्या सुती फडक्यानं पुसा, बस. पोलादावर गंज आला तं शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब फडक्यावर, चामड्यापासून दूर. चामड्याला जवसाचं तेल तं अजिबात नको, चिकट होते अन् धूळ धरते. हातानं चोळल्यावर लाल भुकटी येत असली तं काहीच लावू नका, हात कमी लावा.

आपला उन्हाळा चामड्याचा जीव घेते अन् पावसाळा लोखंडाचा. कूलरसमोर ठेवू नका, टिनाच्या छपराखालच्या माळ्यावरही नको. मी आतल्या खोलीच्या कपाटात, मडक्यावर सुती कापड गुंडाळून त्यावर बसवलं आहे, वजन पट्ट्यावर येत नाही. सोबत सिलिका जेलच्या पुड्या. प्लास्टिकची पिशवी बांधायची नाही, आत घाम धरते. महिन्यातून एकदा आयाळ उचलून मुळाशी कसरीचे किडे पाहतो.

दसऱ्याला माय त्याची पूजा करतेच, विळा-कोयत्यासोबत. आता मी समोर पुठ्ठ्याचा तुकडा ठेवतो अन् हळद-कुंकू त्याच्यावर लावते ती.