दुसऱ्या घराचं डाऊन पेमेंट, बडोद्यात पैसे उभे कसे करायचे

पहिलं घर घेताना सगळे कौतुकाने मदत करतात, सासरे देतात, मामा देतो, ऑफिसातले पण विचारतात काही कमी पडतंय का. दुसऱ्या वेळी तेच लोक म्हणतात अरे तुझं तर आहे ना घर. आणि सरकारचं पण तेच म्हणणं आहे बरं का. पंतप्रधान आवास योजनेच्या शहरी २.० मध्ये व्याजावर १.८० लाखांपर्यंत सबसिडी आहे, पण नवरा, बायको, लग्न न झालेली मुलं, यांच्यापैकी कुणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नको. म्हणजे वाघोडिया रोडला वन बीएचके आहे आणि आता भायलीला डुप्लेक्स बघताय तर त्या फॉर्मवर वेळ घालवू नका. माझा मावसभाऊ अमेरिकेत आहे, तो सांगतो की तिकडे गेली ३ वर्षं स्वतःच्या मालकीचं राहतं घर नसेल तर बऱ्याच योजनांत तुम्हाला परत पहिल्यांदा घर घेणारा धरतात आणि डाऊन पेमेंटला मदत मिळू शकते. आपल्याकडे असलं काही नाही. आपली मदत म्हणजे आपलं जुनं घरच, फक्त त्यातले पैसे हातात येतात उशिरा आणि बिल्डरला हवे असतात आधी, सगळी मारामारी इथे आहे.

आधी किती लागणार ते कागदावर मांडा. आरबीआयच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या लोनला घराच्या किमतीच्या ९० टक्के मिळू शकतात, ३० ते ७५ लाखांच्या लोनला ८० टक्के आणि त्याच्या वर ७५. आता ६० लाखांचं घर धरा. बँक जास्तीत जास्त ४८ देणार, १२ तुमचे. पण गोष्ट १२ वर थांबत नाही, कारण स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन बँक या हिशोबात धरत नाही. गुजरातमध्ये स्टॅम्प ड्युटी ४.९ टक्के म्हणजे २.९४ लाख, रजिस्ट्रेशन १ टक्का म्हणजे ६० हजार. झाले साडेपंधरा. बांधकाम चालू असलेलं घर असेल तर ५ टक्के जीएसटी, ते आणखी ३ लाख (अफोर्डेबलमध्ये बसलं तर १ टक्का), बीयू परमिशन (बांधकाम पूर्ण झाल्यावर मिळणारी वापर परवानगी) आल्यावर घेतलं तर जीएसटी नाही. मेंटेनन्स डिपॉझिट, वकील, लाईटचं मीटर हे वेगळंच. थोडक्यात ६० लाखांच्या घराला १६ ते १९ लाख स्वतःचे पाहिजेत, ब्रोशरवर काहीही छापलेलं असू दे.

आणि एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती म्हणून सांगतो. बँकेचा व्हॅल्युअर येतो आणि तो किंमत लावतो, ती आपल्या सौद्यापेक्षा कमी निघाली तर लोन त्या कमी किमतीवर धरतात. माझ्या वेळी सौदा ६० चा आणि रिपोर्ट आला ५६ चा, लोन ४८ चं ४४.८० झालं, आणि बँकेतला माणूस अगदी शांतपणे म्हणाला बाकीचे तुम्ही अ‍ॅरेंज करा. सव्वातीन लाख आठवड्यात! म्हणून टोकन द्यायच्या आधी सँक्शन घ्या आणि व्हॅल्युएशन पण करून घ्या, दलाल घाई करेल, करू दे.

आता जुन्या घराचं. एक रस्ता सरळ आहे, आधी विका, सहा महिने भाड्याने राहा, मग निवांत घ्या. पैशाच्या दृष्टीने हाच सगळ्यात स्वस्त पण घरात म्हातारी माणसं असली की दोनदा सामान हलवायचं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. दुसरा रस्ता ब्रिज लोन, जुनं घर विकेपर्यंत साधारण दोन वर्षांपर्यंतचं लोन, व्याज नेहमीच्या होम लोनपेक्षा बहुतेक जास्तच असतं आणि त्या मुदतीत घर विकलं नाही तर झोप उडते. तिसरा रस्ता मी घेतला. जुन्या घराचं लोन फिटलेलं होतं, तर त्याच्यावर प्रॉपर्टी लोन काढून डाऊन पेमेंट भरलं, नव्या घराचं होम लोन फ्लोटिंग रेटचं (व्याज वरखाली होणारं) घेतलं, आणि जुनं विकलं तेव्हा आधी प्रॉपर्टी लोन बंद केलं आणि उरलेले पैसे नव्या लोनमध्ये भरले. वैयक्तिक नावावरच्या फ्लोटिंग होम लोनला मुदतीआधी पैसे भरले तर दंड लावता येत नाही, हा आरबीआयचाच नियम आहे, त्यामुळे लोन सुरुवातीला थोडं मोठं असलं तरी घाबरायचं नाही, फक्त मधल्या महिन्यांत दोन ईएमआय खिशातून जातात आणि पात्रता मोजताना बँक दोन्ही धरते, ते आधी विचारून घ्या.

जुनं घर विकायला किती दिवस लागतील याचा अंदाज मात्र प्रामाणिक धरा. घेणाऱ्याला लोन पाहिजे असेल तर महिना-दीड महिना त्याच्या बँकेतच जातो. तुमच्या लोनचा बोजा रेकॉर्डवर अजून असेल तर तो काढायला वेगळा वेळ. आणि घर जुन्या शहरात असेल तर भाग अशांत धाऱ्यात (ठरावीक भागांत घर विकण्यावर बंधन घालणारा गुजरातचा कायदा) येतो का ते सगळ्यात आधी बघा, कारण येत असेल तर कलेक्टरची परवानगी मिळाल्याशिवाय दस्तावेज, म्हणजे खरेदीखत, होत नाही. आमच्या शेजाऱ्यांचं घर पोळातलं, म्हणजे जुन्या शहरातल्या गल्लीतलं, त्यांनी नवीन घराचं टोकन आधी देऊन टाकलं आणि मग परवानगीसाठी चकरा मारत बसले.

टॅक्सचं आता, हे वाचताना कंटाळा येईल पण मोठी रक्कम वाचते इथेच. जुनं घर २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवलं असेल तर नफ्यावर १२.५ टक्के टॅक्स, २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं असेल तर २० टक्के आणि इंडेक्सेशन (जुनी खरेदी किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरणं) हा पर्याय पण आहे, दोन्ही मोजून बघा. पण लोक ज्याला कलम ५४ म्हणतात त्याच्यात तो नफा नव्या घरात घातला तर टॅक्स लागत नाही. नवीन घर जुनं विकायच्या १ वर्ष आधी ते २ वर्षं नंतर या काळात घेतलेलं पाहिजे, बांधत असाल तर ३ वर्षं. म्हणजे आधी नवीन घेतलं तर जुनं वर्षाच्या आत विकायचं, हे कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा. रिटर्न भरायच्या तारखेपर्यंत नवीन घर झालं नसेल तर ते पैसे बँकेत कॅपिटल गेन अकाउंटमध्ये ठेवायचे, साध्या एफडीत ठेवले तर चालत नाही.

आता बायकोच्या नावाचा मुद्दा. गुजरातमध्ये दस्तावेज फक्त बाईच्या नावावर केला तर रजिस्ट्रेशन फी माफ आहे, आपल्या उदाहरणात ६० हजार वाचले, आणि दस्तावेज ऑफिसच्या बाहेर प्रत्येक जण हेच सांगतो. बरोबर आहे. पण जुनं घर तुमच्या एकट्याच्या नावावर होतं आणि नवीन एकट्या बायकोच्या नावावर घेतलं तर कलम ५४ ची सूट मिळते का यावर कोर्टांचे निकाल दोन्ही बाजूंनी आहेत. ६० हजार वाचवायला जाऊन काही लाखांचा वाद अंगावर घेऊ नका, सीएला विचारूनच नाव ठरवा. जुनं घर तिच्याच नावावर असेल तर मग प्रश्नच नाही.

एवढं करून पण कमी पडतंच. नातेवाईकांकडून घ्यायचे तर बक्षीस म्हणून घ्या, आईवडील, भाऊबहीण, काका, आत्या, मामा, मावशी यांच्याकडून कितीही आले तरी टॅक्स नाही, चुलतभाऊ आणि मित्र मात्र त्या यादीत नाहीत, तिथे वर्षात एकूण ५० हजारांच्या वर गेलं की उत्पन्न धरतात. पैसे बँकेतूनच आणि साधं गिफ्ट डीड करून, कारण लोन देणारी बँक स्टेटमेंट बघून विचारते हे कुठून आले. पीपीएफ सातव्या आर्थिक वर्षापासून थोडा काढता येतो, एलआयसीच्या पॉलिसीवर लोन मिळतं, सोन्यावर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत मिळतं, रक्कम छोटी असेल तर थोडं जास्त पण. पर्सनल लोन काढून डाऊन पेमेंट भरायचं मी तरी कुणाला सांगणार नाही, त्या ईएमआयने होम लोनची पात्रताच खाली येते.

रोख मागतील, देऊ नका आणि तुमचं घर विकताना घेऊ पण नका. घरासाठी २० हजार किंवा त्याच्या वर रोख घेतलं तर ती रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. आणि नव्या घराची किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या वतीने सरकारला भरायचा टॅक्स) तुम्हीच कापून भरायचा, तो किमतीतूनच जातो, वेगळा लागत नाही, पण बिल्डरला पूर्ण पैसे देऊन बसलात तर नंतर खिशातून भरावा लागतो.

रेरातला (बिल्डरांवरच्या कायद्याखाली नोंदलेला) बिल्डर असेल तर रजिस्टर बाणाखत, म्हणजे विक्रीचा करार, केल्याशिवाय १० टक्क्यांच्या वर घेऊ शकत नाही, हे त्याला हसत हसत आठवण करून द्या. रिसेलमध्ये असलं संरक्षण नाही म्हणून बाणाखतात दोन ओळी वकिलाकडून घालून घ्या, लोन नामंजूर झालं किंवा व्हॅल्युएशन कमी आलं तर टोकन परत, आणि ते किती दिवसांत परत.