आजोबांच्या नलीवरून ‘हिमालया’चा माग कसा काढावा

घरातल्या ट्रंकेत आजोबांची नली, म्हणजे खलाशाची नोकरीची नोंदवही, सापडली आणि तिच्यात ‘हिमालया’ हे नाव असले, तर आधी वर्ष पाहावे. पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीच्या एकाहून अधिक जहाजांचे हे नाव होते. युद्धोत्तर ‘हिमालया’ इंग्लंडमधील बॅरो येथे बांधले गेले, ऑक्टोबर १९४९ मध्ये टिलबरीहून मुंबईमार्गे ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या सफरीवर निघाले आणि १९७४ मध्ये तैवानमधील काओशुंग येथे मोडीत निघाले. नोंद याच काळातील असली, तरच पुढे जावे.

त्यानंतर हुद्दा नीट वाचावा, कारण जहाजावरचे आयुष्य हुद्द्यावर ठरत असे. डेकवरचे खलाशी सारंगाच्या, म्हणजे त्यांच्या मुकादमाच्या, हाताखाली, तर सलूनमधील, म्हणजे प्रवाशांच्या भोजन दालनातील, वाढपी (स्टुअर्ड) बहुतेक गोव्याचे. दोन करारांच्या मधले दिवस त्यांतले कित्येक जण मुंबईत धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या कुडात, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक निवासात, काढत. ‘आगवाला’ (बॉयलरवरचा कामगार) असे लिहिलेले असले, तरी आजोबा कोळसा लोटत होते असे समजू नये. या जहाजाचे बॉयलर तेलावर चालत. मात्र बॉयलरजवळची उष्णता, विशेषतः तांबड्या समुद्रात, तेलामुळे कमी होत नव्हती, हे विसरू नये. १९६३ मध्ये जहाजावर प्रवाशांचा एकच वर्ग झाला, तेव्हा वरच्या वर्गाच्या सलूनमध्ये वाढणाऱ्यांच्या कामाची घडीही बदलली.

जहाजावर भरती होण्याच्या आणि कामातून मोकळे होण्याच्या तारखांमधले अंतर अचानक वाढलेले दिसले, तर सुएझ कालव्याकडे पाहावे. कालवा १९५६ च्या अखेरीपासून १९५७ च्या एप्रिलपर्यंत, आणि पुन्हा १९६७ ते १९७५ बंद होता. त्या काळात जहाजांना आफ्रिकेला वळसा घालावा लागे.

शेवटी खलाशांचे करारनामे मागवावेत. प्रवाशांच्या याद्यांत आजोबांचे नाव शोधण्यात वेळ घालवू नये. १९५१ ते १९७६ या काळातील ब्रिटिश जहाजांचे बहुतांश करारनामे न्यूफाउंडलंडमधील मेमोरियल विद्यापीठाच्या सागरी अभिलेखागारात आहेत. १९५५ आणि १९६५ या वर्षांचे बहुतेक ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आहेत. भारतीय खलाशांचा करार अनेकदा वेगळ्या कागदावर केलेला असे, म्हणून तोही हवा असल्याचे पत्रात स्पष्ट लिहावे आणि सोबत जहाजाचा अधिकृत क्रमांक व नलीवरील तारखा द्याव्यात.