गवती चहा आत्ता कापा, पण उन्हात वाळवू नका

पाऊस ओसरला, आता नवरात्र ते कोजागरीच्या दरम्यान ज्यांच्या दारात, बांधावर नाहीतर न्हाणीच्या पाण्यावर गवती चहाचं बेट आहे त्यांनी ही कापणी चुकवू नका, कारण पावसात बेट कमरेएवढं वाढतं आणि आतली पानं पिवळी पडून कुजायला लागतात. यंदा जून-जुलैत ठोंब लावलं असेल तर मात्र थांबा, लागवडीला 4-5 महिने होऊ द्या.

सकाळी दव उडाल्यावर धारदार विळ्याने जमिनीपासून 10 ते 15 सेंमी ठेवून कापा, उपटू नका. फुलबाह्यांचा शर्ट घाला, पानाच्या कडा ब्लेडसारख्या लागतात. तांबेऱ्याचे, म्हणजे बुरशीने येणारे तांबूस ठिपके असलेली पानं बाजूला काढा, ती चहात नकोत.

आता खरं काम वाळवायचं, आणि इथेच बहुतेक जण चुकतात. गच्चीवर कुरडयांसारखं पसरतात आणि मग म्हणतात वासच येत नाही. अहो येणार कसा, तो वास पानातल्या तेलाचा, त्यातल्या सिट्रलचा असतो, कडक उन्हात तो उडून जातो. मीपण पहिल्या वर्षी हेच केलं, बरणीभर नुसतं गवत उरलं, फार वाईट वाटलं. पानं धुवून पाणी पूर्ण निथळू द्या, कात्रीने पेराएवढे तुकडे करा, घरात सुती कापडावर पातळ पसरा आणि रोज एकदा हलवा, 4-6 दिवसांत होतं. तुकडा वाकला तर अजून ओलं आहे, कट्कन मोडला की काचेच्या बरणीत भरा, जरा दमट राहिलं तरी बुरशी धरते. जागा असेल तर थोडी ओली पानं गाठी मारून फ्रीजरमध्ये टाका, चहाला एकेक गाठ काढायची.

चहा करताना पान आधी पाण्यात टाका, झाकण ठेवून उकळा, दूध शेवटी. वास लिंबाचा असला तरी आंबटपणा नसतो त्यामुळे याने दूध फाटत नाही, फाटलंच तर आलं बघा, ते नीट उकळलेलं नसतं. भात शिजताना एक गाठ टाकून बघा, उतरवल्यावर काढून घ्या, फार छान लागतो. खालचा पांढरा बुंधा फेकू नका, थायलंडमध्ये तर स्वयंपाकात तोच जास्त वापरतात, ठेचून नारळाच्या दुधाच्या रश्शात घाला. त्यासाठी एखाददुसरा फुटवा बुडातून काढला तर चालतो.

कापून झालं की बेटाभोवती खुरपून घमेलंभर शेणखत आणि पाणी द्या, 2-3 महिन्यांत परत कापायला येतं. 4-5 वर्षांचं बेट मधून पोकळ झालं असेल तर आत्ता हात लावू नका, जूनमध्ये ठोंब फोडून नवीन जागी लावा, उरलेले शेजारी द्या.